सफाईनंतर शिलाईमशीन रुसले तर?

नारायणगावच्या एका भगिनीचे पत्र आले आहे. लग्नसराई तोंडावर आली म्हणून त्यांनी शिलाईमशीन उघडून साफ केले, तेलपाणी केले, पुन्हा जोडले. आणि आता पायडल मारले की चाक गरागरा फिरते, पण सुई काही जागची हलत नाही. लोकांचे अकरा ब्लाउज शिवायचे बाकी. कारागीर म्हणतो, दुकानात घेऊन या. बिडाचे ते धूड एस.टी.त चढवायचे म्हणजे काय, हे जिने नेले तिलाच ठाऊक!

भगिनींनो, घाबरू नका. काल चालणारे मशीन सफाईनंतर अडले तर ते बहुधा मोडलेले नसते. काहीतरी सैल राहिलेले असते, नाहीतर उलटे बसलेले. पायडलची गती खालच्या मोठ्या चाकात, तिथून पट्ट्याने वरच्या चाकात आणि मग सुईत व दात्यांत जाते. ती कुठवर पोचते नि कुठे थांबते, एवढेच पाहायचे.

खालचे चाक फिरते पण वरचे नाही? मग पट्टा पाहा. तेल लागले की तो घसरतो. कोरड्या फडक्याने पुसा. ढिला असेल तर किंचित कापून तारेचा आकडा पुन्हा लावा. फार ताणू मात्र नका, मशीन जड जाते.

वरचे चाक फिरते, सुई नाही, हे आपल्या पत्रलेखिकेचे दुखणे. चाकाच्या मधोमध मोठा गोल नट असतो, बॉबिन भरताना आपण सैल करतो तोच. चाक एका हाताने घट्ट धरून तो आवळा. पुष्कळदा काम इथेच होते. आवळूनही चाक पोकळच फिरले तर नटावरचा बारीक स्क्रू काढून नट बाहेर घ्या. आत एक वॉशर दिसेल. त्याला बाहेरच्या कडेने तीन कान, आतल्या कडेने दोन दात. दातांची वाकलेली टोके तुमच्याकडे हवीत. तशी असूनही नट पकडत नसेल तर वॉशर अर्धा वळसा फिरवून बसवा. बारीक स्क्रू शेवटी लावायला विसरू नका, बरं का! घरगुती काळी मशीने, नाव कोणतेही असो, बहुतेक सिंगरच्या जुन्या साच्यावरचीच. त्यामुळे हा वॉशर तुमच्याकडेही असाच सापडेल.

सुई चालते पण कापड सरकत नाही, तर टाक्याची दांडी शून्यावर आली आहे का पाहा. पुसताना हात लागून ती हलते. दात्यांमधला दोऱ्याचा भुसाही काढा.

आणि चाकच फिरत नसेल तर? शटलमध्ये दोरा अडकला असल्यास चाक हलके मागेपुढे करून तो सोडवा. दोरा नसेल तर मी विचारीन, तेल कोणते घातलेत? थंडीत जुन्नर-ओतूरला खोबरेलाची बाटली कशी थिजते ते आपण पाहतोच. मशीनच्या पोटातही तेच होते. शेंगदाण्याचे तेल थिजत नाही, पण काही दिवसांनी राळेसारखे चिकटून बसते. मशीनला मशीनचेच तेल हवे. चिकटलेल्या जागी थेंब-थेंब रॉकेल सोडा. हल्ली ते सहज मिळत नाही; तेव्हा मशीनचेच तेल सोडून चाक हाताने धीराने हलवत राहा, सुटले की काळे तेल पुसून नवे घाला. रॉकेल वापरताना चूल, गॅस लांब. मोटार असेल तर आधी पिन काढा, आणि मोटार नुसतीच गुणगुणत असेल तर पायडल दाबून धरू नका, जळून जाईल.

भीमाशंकर किंवा नाणेघाटाच्या बाजूला राहणाऱ्यांनी पावसाळ्यात मशीन महिनामहिना बंद ठेवू नये. आठवड्यातून एकदा चाक फिरवावे, आणि प्लॅस्टिकऐवजी सुती कापडाने झाकावे. प्लॅस्टिकखाली दमट हवा कोंडते नि गंज धरतो.

सुई पट्टीवर आपटत असेल तर मात्र स्वतः खटपट करू नका, ती जुळणी कारागिराचीच. त्यासाठीही अख्खे मशीन न्यायला नको. पट्टा काढा, मागच्या बिजागरीचे दोन स्क्रू सैल करा, वरचा भाग सुटून येतो. बरोबर शटल, बॉबिन केस आणि नेहमीचा दोरा न्या, आणि तिथेच चार बोटे शिवून पाहून मगच पैसे द्या.