फेरफाराला नोटीस, मग मताला का नाही?



सातबाऱ्यावर एक नाव बदलायचे तर पटवाऱ्याला फेरफाराची नोंद चावडीवर लावावी लागते, संबंधितांना लेखी कळवावे लागते, हरकत ऐकावी लागते. १९६६ च्या जमीन महसूल संहितेच्या कलम १५० चे तसे बंधन आहे. जमीन चोरीला जाऊ नये म्हणून एवढी काळजी. मताचे काय?

२०२४ च्या लोकसभा व विधानसभा निवडणुकांच्या मधल्या सात महिन्यांत कामठी मतदारसंघात सुमारे ३५ हजार मतदार वाढले, असा आरोप राहुल गांधींनी केला. निवडणूक आयोगाने गैरप्रकाराचा आरोप फेटाळला. तो वाद पक्षांनी घालावा. गावाने यादी कशी तपासावी, हा आपला प्रश्न आहे.

ग्रामपंचायत, जिल्हा परिषद, नगरपरिषदेसाठी विधानसभेचीच यादी उचलून प्रभागवार फोडतात. राज्य निवडणूक आयोग तीत स्वतः नवे नाव घालत नाही, जुने काढत नाही. वरची चूक खाली तशीच उतरते. २०२५ मध्ये दुबार नावांची ओरड झाली, तेव्हा संशयित नावांपुढे दोन तारे छापले. रोगट झाडाला खूण केली, रोग तसाच!

त्याच वर्षी बिहारात सुमारे ६५ लाख नावे मसुदा यादीबाहेर राहिली. त्यांची वेगळी यादी कारणांसह देण्याचे बंधन नियमात नाही, असे केंद्रीय आयोग म्हणाला. १४ ऑगस्टला सुप्रीम कोर्टाने ती जाहीर करायला लावली. दर वेळी दिल्लीला कोण जाणार?

विधानसभेच्या यादीचा कायदा संसदेचा. पण पंचायत व नगरपालिका निवडणुकांचा कायदा करण्याचा अधिकार घटनेच्या कलम २४३-के आणि २४३-झेडए ने राज्याच्या विधिमंडळाला दिला आहे. तेव्हा दिल्लीकडे बोट दाखवून चालणार नाही. कायद्यात एवढे लिहा:

१) वाढलेल्या व वगळलेल्या नावांची कारणांसह यादी चावडीवर लावा, ग्रामसभेत वाचा.
२) दुबार नाव नोटीस व सुनावणी देऊनच काढा, चुकून वगळलेल्याला तिथेच दाद मिळू द्या.
३) हरकतीचा लेखी निकाल उमेदवारी अर्जांच्या आधी द्या.

हिवाळी अधिवेशन नागपुरात भरते, कामठीपासून हाकेच्या अंतरावर. जिल्हा बैठकीत हा ठराव करा, आपापल्या आमदाराच्या हाती द्या आणि पोच घ्या. मत शाबूत असेल, तरच भावाच्या मागणीला वजन येईल.