दम गेला कुठे?

दिवाळी अंकात प्रकृतीविषयी एखादा तरी लेख असावा असा रिवाज आहे. चकल्या किती खाव्यात, खाल्ल्यावर ओवा किती चावावा, हे सांगणारे वैद्यबुवा दर वर्षी कुठल्या ना कुठल्या पानावर भेटतातच. यंदा मीही प्रकृतीविषयीच लिहिणार आहे. मात्र माझा रोगी म्हणजे एक जुनी पिकअप गाडी आहे. मी जन्मभर शाळेत विज्ञान शिकवले, मोटारदुरुस्ती कधी केली नाही, हे या सदराचे वाचक जाणतातच. तेव्हा ‘या मास्तरांना गाडीतले काय कळते?’ असे कोणाला वाटले, तर त्याने शेवटपर्यंत वाचावे. शेवटी मीही त्याच मताला आलो आहे.

गोष्ट गेल्या वर्षीची. माझा भाचा पुण्यातली नोकरी सोडून चिपळूणला घरी परतला आणि एक जुनी डिझेलची पिकअप घेऊन मालाची ने-आण करू लागला. चिपळूणला नारळ भरायचे, कुंभार्ली घाट चढायचा आणि कऱ्हाडच्या बाजारात उतरवायचे, हा त्याचा मुख्य धंदा. दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस म्हणजे त्याची सुगी. नेमक्या त्याच दिवसांत त्याचा फोन आला.

“मामा, गाडी ओढत नाही.”

“केव्हापासून?”

“गणपतीनंतर सुरू झालं बघा.”

सपाटीवर गाडी बिनतक्रार चाले. घाट लागला की चार वळणे नीट जाई आणि मग मान टाकी. पेडल तळाला दाबले तरी इंजिन जणू दुसऱ्याच कोणाचे असावे तसे थंड! शेवटी पहिल्या गिअरमध्ये रखडत रखडत कुठे तरी कडेला घ्यायची. आणि गंमत अशी की वीस मिनिटे उभी केली की स्वारी पुन्हा ताजीतवानी. घरच्या मंडळींनी दोष पुराला दिला. 2021 च्या जुलैमध्ये वाशिष्ठीचे पाणी घरात शिरले, तेव्हापासून त्या घरात घड्याळ मागे पडले तरी दोष पुराचाच असतो. मी फोनवरच निदान केले, “डिझेल खराब. फिल्टर बदल.” त्याने बदलला. फरक शून्य. मिस्त्रींनी सांगितले, पंप आणि नोझल उतरवून काम करावे लागेल, खर्च तीस हजारांच्या घरात. मिस्त्री काही लबाड गृहस्थ नव्हते. गाडीचा दम गेला की पंपाचा संशय कोणालाही येतो.

त्या रात्री फोन आला तो भाच्याचा नव्हे, सूनबाईचा. आणि माझ्यासाठी नव्हे, मामीसाठी. सौ. बराच वेळ नुसतेच ‘हं, हं’ करीत होती. फोन ठेवून ती म्हणाली, “पाटल्या गहाण ठेवायचं चाललंय. तुम्ही उद्या जाऊन या.”

“मी जाऊन काय करणार?”

“फोनवर तर मोठं सांगत होतात!”

दुसऱ्या दिवशी मी चिपळूणच्या एस.टी.त होतो.

वाटेत मी मनाशी उजळणी केली. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. आत घेतलेली हवा इतकी दाबायची की ती भयंकर तापते, आणि त्या तापल्या हवेत डिझेलचा फवारा सोडला की तो आपोआप पेटतो. रुडॉल्फ डिझेल या जर्मन इंजिनिअराने 1897 साली ऑग्सबुर्ग येथे हे यशस्वी करून दाखवले. मूळ तत्त्व आजही तेच आहे. तेव्हा इंजिनाला तीनच गोष्टी लागतात: पुरेशी हवा, पुरेसे डिझेल आणि पुरेसा दाब. दम गेला म्हणजे या तिघांपैकी कोणीतरी घरातून रुसून गेले आहे. मात्र त्याआधी एक शंका फेडली पाहिजे. दम खरोखर गेला आहे, की इंजिनाने कमावलेला दम वाटेतच कोणी खात आहे?

पहाटे नारळ भरून आम्ही निघालो. मागच्या बाकावर, म्हणजे खरे तर पोत्यांवर, बसण्याचा हट्ट सूनबाईने धरला होता. तो मोडून तिला आमच्या दोघांच्या मध्ये बसवले. पोफळी मागे पडली, घाट सुरू झाला. पाचव्या वळणावर रोग्याला झटका आला. रुंद जागा पाहून गाडी कडेला घेतली, हॅन्डब्रेक ओढला, चाकांखाली दगड लावले. हे आधी. भरल्या गाडीचे इंजिन चढावर बंद पडले तर ब्रेकला मिळणारी मदतही जाते, हे घाटातल्या प्रत्येक शहाण्याने ध्यानात ठेवावे.

मग एकेक संशयित पुढे बोलावला. क्लचप्लेट सरकत असती, तर इंजिन मोठ्याने ओरडले असते आणि गाडी मात्र रेंगाळली असती. इथे इंजिनाचाच आवाज खाली बसत होता. क्लच निर्दोष. ब्रेक चिकटत असते, तर चाकाचे ड्रम भाजले असते. चढावर ब्रेक वापरलेला नव्हता. हात जवळ नेऊन पाहिला, चारही चाके सारखीच कोमट. ब्रेक निर्दोष. तापमानाचा काटा जागेवर. पुढचा साक्षीदार धूर. हवा कमी पडली, म्हणजे एअर फिल्टर तुंबला किंवा टर्बोची नळी फाटली, तर डिझेल अर्धवट जळते आणि काळा धूर येतो. इंजिन ऑईल जळत असेल तर निळसर. “धूर कसला होता?” मी विचारले. भाचा म्हणाला, “धूरच नव्हता.”

दम नाही आणि धूरही नाही, याचा अर्थ चुलीत लाकूडच पोचत नाही. डिझेल कमी पडते आहे. पण का? फिल्टर नवा. पंप झिजला असता, तर वीस मिनिटांच्या विश्रांतीने तो तरुण झाला नसता. माझे डोके इथे थांबले.

तेवढ्यात सूनबाई म्हणाली, “मामा, एक सांगू? टाकी फुल्ल केली की हे लवकर होतं. निम्मी असली की घाट बराच चढून होतो.”

भाचा म्हणाला, “म्हणून तर मामा म्हणाले, डिझेल खराब.”

मी मात्र दचकलो. तीस वर्षे फळ्यावर लिहिलेले वाक्य डोळ्यांपुढे आले. खाली उतरून टाकीचे झाकण फिरवले. ‘स्स्स’ असा लांब सुस्कारा टाकून टाकीने बाहेरची हवा आत ओढली. झाकणाखाली प्लॅस्टिकच्या पिशवीचा तुकडा होता; तो आत खेचला जाऊन वाटीसारखा खोलगट झाला होता.

टाकीतून डिझेल गेले की त्याची जागा घ्यायला हवा आत यावी लागते. या गाडीत तिची वाट झाकणातल्या बारीक भोकातून होती, आणि प्लॅस्टिकने ते बुजवले होते. आता रॉबर्ट बॉईलचा 1662 सालचा नियम आठवा: वायूला जागा वाढवून दिली, की त्याचा दाब त्या प्रमाणात घटतो. निम्म्या टाकीत पंचवीस लिटर हवा असेल आणि दोन लिटर डिझेल खर्चले, तर दाब जेमतेम सात टक्के उतरेल. पण टाकी काठोकाठ भरलेली, वर चारच लिटर हवा, आणि दोन लिटर खर्चले, तर चाराच्या जागी सहा. दाब एक तृतीयांशाने खाली! पंप तिकडून ओढतो, टाकी इकडून सोडत नाही. गाडी उभी केली की फटीफटींतून हवा हळूहळू शिरे आणि गाडी शुद्धीवर येई.

प्लॅस्टिक काढले, झाकण नुसते टेकवून ठेवले, आणि गाडी तिसऱ्या गिअरमध्ये हेळवाकला पोचली. भाचा शीळ घालीत होता. मी विजयी मुद्रेने विचारले, “पण हा प्लॅस्टिक लावण्याचा गाढवपणा केला कोणी?”

कोणी बोलेना. भाचा रस्त्याकडे पाहू लागला. शेवटी सूनबाई हळूच म्हणाली, “गणपतीत पाऊस होता ना, झाकणाचं रबर गेलं होतं. पाणी जाईल म्हणून तुम्हीच लावलंत, मामा.”

कऱ्हाड येईपर्यंत मी शाळेतल्यासारखा एकही शब्द बोललो नाही.

वाचकहो, तुमच्याही दारात एखादी जुनी गाडी असेल आणि ती कधी दम टाकील, तेव्हा मिस्त्रींकडे जरूर जा. पण जाण्यापूर्वी घरीच चार प्रश्न विचारा. केव्हापासून? कशा वेळी? धूर कसला? आणि चौथा, जो मी फोनवर विचारला नाही: त्याच्या आधी गाडीला हात कोणी आणि कशासाठी लावला होता? उत्तरे गाडीत बसणाऱ्या सर्वांना विचारा, नुसत्या चालवणाऱ्याला नको. आणि मग फुकटच्या गोष्टी आधी पाहा, स्वस्त त्यानंतर, पाटल्या सर्वांत शेवटी.

दिवाळीला भाच्याकडून नारळाचे पोते आले. सौ.ला सूनबाईचा फोनही आला, आणि बोलताना मागे पाटल्या किणकिणत होत्या, असे सौ.चे म्हणणे. नव्या झाकणाचे पैसे मी दिले. ते घेणार नाही असे भाचा म्हणाला, पण सूनबाई म्हणाली, “घ्या, मामांना बरं वाटेल.”

खरेच वाटले.