नोकरमाणसांचें जेवण आणि दुकानाची कीर्द

कुरुंदवाडच्या पेठेंत बीं-बियाणें व खतें यांचें दुकान चालविणारे आमचे एक स्नेही आहेत. घरची शेती कृष्णाकांठीं. ऊस व वांगीं करितात, आणि जोडीस हें दुकान. गेल्या हंगामाच्या अखेरीस त्यांनीं दुकानांतील नऊ माणसांस टेंपोनें कोल्हापुरास नेलें, खासबागेंत कुस्त्यांचें मैदान दाखविलें, आणि परत आल्यावर आचारी लावून मटणाचें जेवण घातलें. हमालांपैकीं चौघे तालमीच्या मातींत वाढलेले. त्यांस याहून गोड करमणूक कोणती? एकंदर खर्च २२,००० रुपये झाला. वर्षअखेर त्यांनीं कीर्द आमच्यापुढें ठेविली, तेव्हां तींत मैदानाचा उल्लेखहि नव्हता. सारी रक्कम ‘हमाली’ या सदरीं घातलेली.

“असें कां?” म्हणून विचारतां, “भाऊसाहेब, कुस्तीचा खर्च दाखविला तर इन्कमटॅक्सवाले हंसतील,” हें उत्तर मिळालें. आम्हीं तीस वर्षें महसुलाचें दप्तर सांभाळिलें आहे. हंसणाऱ्या अंमलदारापासून फारसें भय नसतें. कुस्तीची खरी नोंद एक वेळ टिकेल. पण हमालीची ही नोंद, जिला ना कोणाची सही ना अंगठा, ती पहिल्याच चौकशींत पडेल, आणि तिच्यासवें शेजारच्या खऱ्या नोंदींवरहि संशय येईल.

कायदा काय म्हणतो तें पाहूं. १९६१ च्या प्राप्तीकर कायद्याच्या ३७ व्या कलमान्वयें, खर्च भांडवली किंवा खासगी नसावा व तो सर्वस्वीं आणि केवळ धंद्यासाठीं झालेला असावा, म्हणजे तो नफ्यांतून वजा मिळतो. १ एप्रिल २०२६ पासूनच्या व्यवहारास २०२५ चा नवा कायदा लावण्याचें ठरलें. त्यांत कलमांचे आंकडे बदलले, तत्त्व मात्र तेंच ठेविलें आहे. ‘केवळ धंद्यासाठीं’ याचा अर्थ ‘धंद्यास अपरिहार्य’ असा नव्हे, हें सर्वोच्च न्यायालयानें १९७९ सालीं ससून जे. डेव्हिड कंपनीच्या खटल्यांत सांगितलें आहे. खर्च स्वखुषीनें केला, किंवा त्यांत दुसऱ्या कोणाचें हित साधलें, तेवढ्यानें तो बाद होत नाहीं.

पूर्वीं करमणुकीच्या खर्चावर सरकारची नजर फार कडक असे. १९८३ च्या वित्त कायद्यानें, तोहि १९७६ पासून मागें लागू करून, पाहुणचाराचे सर्व प्रकार या सदरांत ओढले. परंतु त्याच व्याख्येंत, नोकरांस कामाच्या ठिकाणीं दिलेलें अन्न व पेय स्पष्टपणें वगळलें होतें. म्हणजे सरकारचा हात सर्वांत आखडता होता, तेव्हांहि हमालाची भाकरी त्यांत धरलेली नव्हती. पुढें १९९८-९९ या आकारणी वर्षापासून तें बंधनच उठलें. २००५ सालीं फ्रिंज बेनिफिट टॅक्स आला, त्यांत सणसमारंभाचा खर्चहि धरीत. पण एकट्या मालकाच्या दुकानास तो लागू नव्हता, आणि २००९ सालीं तोहि गेला. आमच्या स्नेह्यांचें भय पाव शतकाहून अधिक शिळें होतें.

खरा घोटाळा निराळ्याच ठिकाणीं निघाला. आचाऱ्यास त्यांनीं एकाच दिवशीं १४,००० रुपये रोख मोजले होते. १ एप्रिल २०१७ पासून एका इसमास एका दिवसांत १०,००० हून अधिक रोख दिल्यास तो सबंध खर्च अमान्य होतो. वरचे चार हजार नव्हेत, सबंध चौदा. पूर्वींची मर्यादा २०,००० ची होती व तीच पुष्कळांच्या डोक्यांत अद्याप बसली आहे. भाजी अगर दूध थेट पिकविणाऱ्याकडून रोखीनें घेतल्यास नियमांत सूट आहे, आचाऱ्यास ती नाहीं. त्याचे पैसे बँकेंतून किंवा मोबाइलवरून द्यावे, म्हणजे झालें. जे दुकानदार उलाढालीवर ठोक टक्केवारीनें नफा दाखवितात, त्यांस हा प्रश्नच पडत नाहीं. त्यांचे सर्व खर्च त्या टक्केवारींत आधींच वजा झालेले असतात. जेवणावर भरलेल्या जी.एस.टी.चें क्रेडिट मात्र बहुधा मिळत नाहीं, त्याची आशा धरूं नये.

आतां शेतकरी बंधूंस थोडें कडू लागेल तें सांगतों. आपल्या शेतीचें उत्पन्न प्राप्तीकरांतून मुक्त आहे. ऊसतोडीच्या टोळीस शेवटच्या दिवशीं आपण जेवण घालतों, तें शेतीच्या खात्याचें. तें दुकानाच्या कीर्दींत घालून करपात्र नफा कमी करणें ही लबाडी होय, आणि करमुक्त उत्पन्नासाठीं केलेला खर्च वजा मिळावयाचा नाहीं, असें कायद्यांतहि स्पष्ट आहे. नातवाच्या बारशाच्या पंक्तींत दोन हमाल बसविले म्हणून तें बारसें दुकानाचें होत नाहीं.

याउलट जेथें कायद्याचें अक्षर तोकडें पडतें, तेथें आम्ही मालकाच्या बाजूचे आहों. ऑगस्ट २०१९ च्या महापुरांत कुरुंदवाडास पाण्याचा वेढा पडला. आमच्या माहितींतील एका यंत्रमागवाल्यानें आपल्या कामगारांस उंचावरच्या एका नातलगाच्या घरीं आठ दिवस ठेवून दोन्ही वेळां जेवूं घातलें. तें घर कांहीं ‘कामाचें ठिकाण’ नव्हे, आणि त्या दिवसांत काम तरी कोठें होतें? परंतु पाणी ओसरल्यावर मागांतील गाळ त्याच माणसांनीं काढला. तीं पांगलीं असतीं तर माग महिनोन् महिने पडून राहिले असते. हा खर्च धंद्याचा नाहीं, असें कोणी म्हटलें तर तें आम्हांस मान्य नाहीं.

रिवाजाचें महत्त्व किती, तें कृष्णेच्याच वरच्या अंगास रेठरे बुद्रुक येथील कृष्णा सहकारी साखर कारखान्याच्या खटल्यावरून दिसतें. दिवाळीस सभासदांस सवलतीनें दिलेली साखर हें नफ्याचें वाटप होय, असें प्राप्तीकर खात्याचें म्हणणें. सर्वोच्च न्यायालयानें २०१२ सालीं प्रकरण पुन्हां तपासणीस पाठविलें, आणि विचारावयाच्या मुद्द्यांत एक असा घातला कीं, अशी सवलत देणें हा या धंद्यांतील रिवाज झाला आहे काय?

छोट्या दुकानदारापाशीं हा प्रश्न आला तर दाखवावयास त्याजवळ काय असतें? म्हणून आमच्या स्नेह्यांस आम्हीं हमालीची ती नोंद दुरुस्त करावयास लाविली. ‘नोकरवर्गाचें कल्याण’ असें निराळें खातें उघडून त्यांत मैदानाचीं तिकिटें, टेंपोवाल्याची पावती व जेवलेल्या नऊ जणांचीं नांवें सह्यांनिशीं घातलीं. आचाऱ्याचे १४,००० बुडाले, ते बुडाले. त्यांवरचा कर त्यांनीं भरावयाचें कबूल केलें. पुढील वर्षीं मैदान बंद करण्याचा त्यांचा विचार होता, तो तूर्त त्यांनीं सोडला आहे.

आपापल्या गांवीं दुकानांत, गुऱ्हाळावर, गोठ्यावर वा मागांवर माणसांस हंगामाअखेर काय देण्याची चाल आहे व ती किती वर्षांची आहे, तें वाचकांनीं संघाच्या कचेरीस लेखी कळवावें. पुराच्या दिवसांत ज्यांनीं माणसें सांभाळलीं, त्यांनीं तर अवश्य कळवावें.