एक आजार बरा होताना दुसरा

नंदिनी नगर म्हणजे भिलाई पोलाद कारखान्याला चुनखडी पुरवणाऱ्या खाणींची वसाहत. अशा ठिकाणी घरात मोठे दुखणे आले, की रुग्णाचा प्रवास सुरू होतो. आधी जवळचा दवाखाना, मग भिलाईचे सेक्टर ९ चे रुग्णालय आणि तेवढ्याने भागले नाही तर रायपूर किंवा नागपूर. नातेवाईकांचे म्हणणे सगळीकडे एकच, ‘डॉक्टरसाहेब, चांगले भारी इंजेक्शन द्या.’ जुन्या कागदांची पिशवी मात्र गडबडीत घरीच राहते.

या प्रवासातच औषधांना दाद न देणारे जंतू गाठतात. २००८ साली स्वीडनमध्ये एका ५९ वर्षांच्या भारतीय वंशाच्या गृहस्थाच्या लघवीत असा जंतू सापडला. गृहस्थांना मधुमेह होता, अर्धांगाचे झटके येऊन गेले होते, भारतात दोन शहरांतल्या रुग्णालयांत राहणे झाले होते आणि दिल्लीत गळवाची शस्त्रक्रियाही. जवळपास सगळ्या प्रतिजैविकांना निष्प्रभ करणाऱ्या त्या जंतूच्या विकराला पुढे ‘एनडीएम-१’ हे नाव पडले. ‘एनडी’ म्हणजे नवी दिल्ली. नावावरून आपल्याकडे बराच गदारोळ झाला. पण त्याआधीच, २००९ मध्ये, मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील तज्ज्ञांनी अतिशय प्रभावी औषधांनाही न जुमानणारे २४ नमुने तपासले होते. त्यांपैकी २२ मध्ये हाच प्रकार निघाला. तेव्हा नावाची चर्चा बाजूला ठेवून त्या गृहस्थांच्या कहाणीकडेच पाहावे. वय, मधुमेह, अंथरुणाला खिळणे, शस्त्रक्रिया, एका रुग्णालयातून दुसऱ्यात जाणे: धोका वाढवणाऱ्या बहुतेक गोष्टी त्यात आहेत.

राहिल्या दोन. पहिली म्हणजे आधी घेतलेली प्रतिजैविके. गेल्या ९० दिवसांत अशी औषधे, विशेषतः शिरेतून, दिली गेली असतील तर डॉक्टर सावध होतात. कारण या औषधांनी आतड्यातले निरुपद्रवी जंतूही मरतात आणि हट्टी जंतूंना रान मोकळे मिळते. म्हणूनच भारी इंजेक्शनचा आग्रह धरणे रुग्णाच्या हिताचे नसते.

दुसरी गोष्ट म्हणजे नळ्या. लघवीची नळी, मानेजवळच्या मोठ्या शिरेतली नळी, श्वासाच्या यंत्राची नळी. या जीव वाचवतात, पण शरीराचे दार उघडेही ठेवतात. लघवीच्या नळीमुळे मूत्रमार्गात जंतू शिरण्याचा धोका दररोज सुमारे ३ ते ७ टक्क्यांनी वाढतो. आजोबांना उठवायला नको, चादर ओली व्हायला नको, म्हणून नळी आणखी दोन दिवस राहू दे, असे घरचेच सुचवतात. वास्तविक रोज सकाळी राउंडच्या वेळी विचारावे, ‘ही नळी आज काढता येईल का?’ उत्तर ‘नाही’ आले तर मान्य करावे. स्वतः हात लावू नये. लघवीची पिशवी मूत्राशयाच्या पातळीपेक्षा खाली असावी, पण जमिनीला टेकू नये. आयाबाई घाईत असल्या तर एवढे तर आपल्यालाही पाहता येते.

भेटायला येणाऱ्यांची वेगळीच तऱ्हा. शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाची विचारपूस करायची, त्याची उशी सरळ करायची आणि त्याच हाताने आपल्या रुग्णाला मोसंबीची फोड द्यायची. माया खरी असते, पण हे जंतू हातांवरूनच तर फिरतात. रुग्णाला शिवण्याआधी आणि नंतर साबणाने हात धुवावेत किंवा खाटेशी ठेवलेले औषधी द्रावण हात कोरडे होईपर्यंत चोळावे.

ताप उतरेना झाला, तर औषध बदलण्यापूर्वी रक्ताचा किंवा लघवीचा कल्चर तपास झाला आहे का, हे नम्रपणे विचारावे. अहवालाला साधारण दोन-तीन दिवस लागतात. कोणते औषध लागू पडेल, ते त्यात लिहिलेले असते. त्याची प्रत मागून घ्यावी. रुग्णाला रायपूर-नागपूरला हलवताना ती प्रत, आधीच्या औषधांची यादी आणि अतिदक्षता विभागात किती दिवस काढले त्याची नोंद सोबत न्यावी आणि पोहोचताच दाखवावी. म्हणजे नवे डॉक्टर पहिल्याच दिवशी योग्य तपासणी करून, गरज वाटल्यास, रुग्णाला वेगळ्या खोलीत ठेवू शकतात.