आरंभ कोठून करावा?

‘बीटल्स ऐकावयाचे आहेत, कोणत्या अल्बमपासून आरंभ करूं?’ असें एका तरुण स्नेह्यानें परवां आम्हांस विचारलें. आम्ही उत्तर देण्यापूर्वींच बैठकींतील दोन पंडित सरसावले. एक म्हणाले, ‘कालक्रमानें जा, १९६३ च्या ‘प्लीज प्लीज मी’पासून.’ दुसरे म्हणाले, ‘२००० सालीं निघालेला ‘वन’ हा संग्रह घ्या. सत्तावीस गाण्यांत सारें सार आलें आहे.’ हे दोन्ही सल्ले आम्हांस घातक वाटतात.

कालक्रमाचा मार्ग दिसावयास मोठा प्रामाणिक आहे. पण हरिभाऊ आपट्यांची ओळख करून देतांना आपण कोणाच्या हातीं प्रथम ‘मधली स्थिति’ देतों काय? ‘पण लक्षांत कोण घेतो!’ हीच देतों. ‘प्लीज प्लीज मी’मधील चौदांपैकीं दहा गाणीं एकाच दिवसांत मुद्रित झालीं. त्यांतील तारुण्याचा जोम आम्हांस मान्य आहे. परंतु लिव्हरपूलचे हे चौघे पुढें कोठवर गेले, याची कल्पना तेवढ्यावरून येणें अशक्य!

संग्रहाची गोष्ट तर याहूनहि वाईट. खपाच्या यादींत अग्रस्थानीं चढलेलीं गाणीं एकत्र केलीं, कीं झाला संग्रह! त्यांत जॉर्ज हॅरिसनचें गाणें अवघें एक. बाजारानें केलेली निवड ती रसिकाची निवड नव्हे.

आमचें मत स्पष्ट आहे: ५ ऑगस्ट १९६६ रोजीं निघालेल्या ‘रिव्हॉल्व्हर’पासून आरंभ करावा. सुमारें पस्तीस मिनिटांत चौदा गाणीं. त्यांत हॅरिसनचीं तीन, आणि आरंभाचा मान त्याच्याच गाण्याला. ‘एलेनॉर रिग्बी’ या गाण्यांत चौघांपैकीं कोणीहि वाद्य वाजवीत नाहीं. साथ आहे ती आठ तंतुवाद्यांची. ‘लव्ह यू टू’मध्यें अनिल भागवत यांचा तबला आहे, व त्यांचें नांव वेष्टनावर छापलेलें आहे. शेवटचें ‘टुमॉरो नेव्हर नोज’ तंबोऱ्याच्या षड्जासारख्या एका अखंड स्वराच्या आधारावर उभें आहे. मराठी कानांस तें परकें कां वाटावें? ध्वनिमुद्रणास प्रथम घेतलेलें हेंच गाणें क्रमांत मात्र शेवटीं ठेविलें आहे. क्रम हाहि रचनेचाच भाग असतो, हें संग्रहवाल्यांस कोणी सांगावें?

कोणी म्हणेल, १९६७ च्या ‘सार्जंट पेपर’ची कीर्ति याहून मोठी. असेल! पण तेथें हे चौघे एका काल्पनिक वाद्यवृंदाचें सोंग घेऊन येतात. आणि सोंगाची गंमत, मूळ चेहरा ज्यानें पाहिला आहे त्यालाच.

आमच्या स्नेह्यास आमचें सांगणें एवढेंच: पस्तीस मिनिटें काढा, आणि ‘रिव्हॉल्व्हर’ क्रमानें, मध्यें न थांबतां ऐका. मग मागें १९६३ कडे जा किंवा पुढें जा. दोन्हीकडे कुतूहलच तुम्हांस नेईल. संग्रह ऐकणारास मात्र वाटतें, ‘झाले ऐकून बीटल्स!’ ज्या आरंभानें पुढची वाटच खुंटते, त्यास आरंभ कसा म्हणावा?