पाहुण्याला काय दाखवता?

हुरड्याच्या दिवसांत शहरातले पाहुणे शेतावर मुक्कामाला येतात. सकाळी चहा घेताना विचारतात, "काका, जवळपास बघण्यासारखं काय हाय?" की लगेच आमची माणसं त्यांना फेटे बांधून बैलगाडीत बसवतात. गोठ्यात बैल उरले नाहीत, तर मागून आणतात. हे सोंग कशापायी?

शहागडचा पूल ओलांडला की गोदावरीपल्याड बीड जिल्हा. तिथं काठावरच राक्षसभुवन. शनीच्या दर्शनाला सगळेच जातात. पण 10 ऑगस्ट 1763 ला थोरल्या माधवराव पेशव्यांनी निजामाच्या फौजेचा मोड केला तो इथंच, हे पोरांना कोण सांगतो? अल्याड अंबडला मत्स्योदरी देवीची टेकडी, जांबला रामदासांचं जन्मगाव, वरच्या अंगाला आपेगाव अन् पैठण. एक दिवस पुरत नाही, राव.

अन् खुद्द नदी? ती दाखवायची आम्हालाच लाज वाटावी. रात्री ट्रॅक्टर पात्रात उतरतात, सकाळी वाळूच्या जागी डोह. नवख्या पाहुण्याचं लेकरू त्यात पाय घालील, याचा कुणाला घोर नाही. वाळू पाणी धरून ठेवते. ती उपसली की काठच्या विहिरी खोल जातात. दिवसा पाहुण्याकडून मुक्कामाचे पैसे घ्यायचे अन् रात्री त्याच वावरातून ट्रॅक्टरला वाट द्यायची, असे महाभाग आमच्यातच आहेत. बोललं की म्हणतात, "तुला काय करायचंय?"

करायचंय ना. माझी विहीर काठालाच हाय.