घरच्यासारखे, पण कायद्याबाहेर

आपल्या ख्रिस्ती समाजात एक वाक्य फार प्रेमाने उच्चारले जाते : 'आम्ही त्यांना घरच्यासारखे वागवतो.' 'ते' म्हणजे शाळेतला शिपाई, चर्चच्या आवारातला माळी, धर्मभगिनींच्या मठातली स्वयंपाकीण, वसतिगृहाचा राखणदार, कुणाचे फार्महाऊस सांभाळणारे जोडपे. वाक्य खोटे नसते. नाताळात ह्या माणसांना कपडे मिळतात, मुलीच्या लग्नाला उचल मिळते, आजारपणात फादर स्वतः त्यांना दवाखान्यात घेऊन जातात. परंतु त्यांच्या हाती नेमणूकपत्र आहे काय, त्यांचा भविष्यनिर्वाह निधी भरला जातो काय, पावसाळ्याच्या तोंडी छपरावर चढताना त्यांच्या कमरेला दोर होता काय, असे कुणी विचारले की प्रेमळ चेहरे एकाएकी गंभीर होतात. आणि विचारणारा जणू युनियनचा हस्तक असावा अशा नजरेने त्याच्याकडे पाहिले जाते. आमचे भांडण ह्या वाक्याशी आहे.

भांडणाला निमित्तही आहे. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी केंद्र सरकारने चार श्रमसंहिता अंमलात आणल्या. एकोणतीस जुने कायदे त्यांत विलीन झाले. त्यांपैकी तेरा, १९४८ चा कारखाने अधिनियम धरून, 'व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२०' ह्या एकाच संहितेत गेले. संसदेने ही संहिता मंजूर केली तेव्हा देश महामारीत गुरफटलेला होता, आणि ती प्रत्यक्ष लागू व्हायला पाच वर्षे लागली. एवढ्या काळात आपल्या किती संस्थांनी ती उघडून पाहिली? आमच्या ऐकण्यात तरी एखाद्या पॅरिश कौन्सिलच्या सभेत हा विषय आल्याचे नाही. घंटेची दुरुस्ती, फेस्ताची रोषणाई, कँटीनचा ठेका ह्यांवर आपण तासन्तास बोलतो. ज्याच्या खांद्यावर शिडी ठेवून ती रोषणाई होते, त्याच्याविषयी देशाचा कायदा काय म्हणतो हे आपल्याला ठाऊक नसते. आणि ठाऊक नसण्याची लाजही वाटत नाही.

नवी संहिता सर्वांगी वाईट आहे असे आम्ही म्हणत नाही. प्रत्येक कर्मचाऱ्याला नेमणूकपत्र देण्याचे बंधन तिने मालकावर घातले आहे. सरकार ठरवील त्या वयाच्या व वर्गाच्या कामगारांची वार्षिक आरोग्यतपासणी विनामूल्य करण्याचेही घातले आहे. ह्या जमेच्या बाजू होत. परंतु १९४८ च्या केंद्रीय कायद्याप्रमाणे विजेवर चालणाऱ्या ठिकाणी दहा आणि विजेविना चालणाऱ्या ठिकाणी वीस कामगार असले की तो कारखाना ठरत असे. नव्या संहितेत हे आकडे वीस आणि चाळीस झाले आहेत. पंधरा माणसांच्या वेल्डिंगच्या शेडमध्ये डोळे कमी जळतात काय? सप्टेंबर २०२५ मध्ये आपल्या राज्याच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतील दिवसाच्या कामाचे तास नऊवरून बारापर्यंत नेण्यास मान्यता दिली, तीही ह्याच वाऱ्याची दिशा दाखवते. ज्यांना राज्यकर्त्यांवर टीका करायची आहे त्यांना येथे भरपूर सामग्री आहे. मात्र सरकारवर टीका करून आपण आपल्या अंगणातून सुटत नाही. किंबहुना कायद्याने जेथे हात आखडता घेतला आहे, तेथेच विवेकाने पुढे व्हायचे असते.

आम्ही हे भिसेगावातून लिहीत आहोत. कर्जत स्टेशनाला लागून असलेले हे गाव. येथून पुढे बोरघाट चढायचा म्हणून आजही गाड्यांना मागून जादा इंजिने जोडली जातात. हा लोहमार्ग १८६३ मध्ये पुरा झाला. काम ऐन भरात असताना, १८६१ मध्ये, चाळीस हजारांहून अधिक मजूर ह्या डोंगरांत राबत होते. पटकीने, तापाने, सुरुंगांनी आणि कड्यांवरून पडून त्यांतले हजारो मेले. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये येथे आल्यावर थोड्याच दिवसांत वारला आणि त्याची पत्नी ॲलिस हिने ठेका पुढे चालवला, ही गोष्ट इतिहासाच्या पुस्तकांत आवर्जून सांगितली जाते. मेलेल्या मजुरांची नावे त्या पुस्तकांत नाहीत. ते ठेकेदाराचे होते ना!

ठेकेदाराचा माणूस : दीडशेहून अधिक वर्षे ही संज्ञा आपल्या किती उपयोगी पडली आहे! आज कर्जत-खालापूरच्या टेकड्यांवर बंगल्यांची रांग लागली आहे. मुंबईकडची मंडळी येथे दुसरे घर बांधतात. त्यांत आपलेही लोक आहेत. बांधकामावर बिगारी येतात ते मुकादमामार्फत. विटा येतात त्या भट्टीवरून, आणि दिवाळी उलटली की त्या भट्टीवर उचल घेऊन गेलेली कातकरी कुटुंबे पावसापर्यंत तेथेच झोपडी घालून राहतात. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने कर्जापोटी माणूस बांधून ठेवणे गुन्हा ठरवले, तरी उचलीची वही अजून मिटलेली नाही. घराला आशीर्वाद द्यायला धर्मगुरू येतात. पाणी शिंपडले जाते. आणि ती वीट कुणी थापली ह्याचा विचार मालकाच्या मनाला शिवत नाही. पैसे चुकते केले, व्यवहार संपला.

पोप जॉन पॉल दुसरे ह्यांनी १९८१ च्या 'लाबोरेम एक्झरचेन्स' ह्या परिपत्रकात ही पळवाट बुजवून ठेवली आहे. प्रत्यक्ष मालकाबरोबरच त्यांनी 'अप्रत्यक्ष मालक' अशी कल्पना मांडली : कामाच्या अटी ज्यांच्या निर्णयांमुळे ठरतात, ते सारे कामगाराच्या हक्कांना उत्तरदायी. पोपमहाशयांच्या डोळ्यांसमोर प्रामुख्याने राज्यसंस्था आणि मोठ्या यंत्रणा होत्या, हे खरे. पण सर्वांत कमी भावाची निविदा मंजूर करणारी आपली समिती ठेकेदाराच्या शिडीची लांबी ठरवत नाही, असे कोण म्हणेल? त्याच परिपत्रकात आरोग्याला अपाय न करणारे कामाचे ठिकाण हा कामगाराचा हक्क म्हणून मोजला आहे, मालकाची मेहेरबानी म्हणून नव्हे.

आणि मेहेरबानीचा विषय निघालाच आहे, तर दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचा १९६५ चा प्रापंचिकांच्या प्रेषितकार्याविषयीचा लेख आपण पुन्हा वाचायला हवा. न्यायाने जे देणे लागते ते दानाच्या वेष्टनात देऊ नये, असे तेथे निःसंदिग्धपणे सांगितले आहे. नाताळचे कपडे दान आहे. निधीचा हप्ता देणे आहे. कपडे देऊन हप्ता चुकवणारा दाता नसून ऋणको आहे. पुढे १९७१ मध्ये बिशपांच्या महासभेने तर ख्रिस्तसभेलाच आरसा दाखवला : जगाशी न्यायाविषयी बोलू पाहणाऱ्याने आधी लोकांच्या दृष्टीला न्यायी दिसले पाहिजे. पन्नासहून अधिक वर्षे झाली. पोप लिओ चौदावे ह्यांनी २०२५ मध्ये आपले नाव निवडताना तेराव्या लिओंचे, म्हणजेच १८९१ च्या 'रेरूम नोव्हारुम'चे स्मरण केले, ह्याचे आपण कौतुक केले. १ मे रोजी कामगार संत जोसेफाचा सण आपण साजरा करतो. त्या मिस्सेनंतर वेदीवरचे गालिचे गुंडाळणाऱ्याची साप्ताहिक सुटी कोणत्या वारी असते?

सुटीवरून आठवले. शब्बाथाची आज्ञा आपली. पण मुंबईच्या गिरणीकामगाराला रविवार मिळवून दिला तो आपल्या प्रवचनांनी नव्हे. ठाण्याचे सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनी १८८४ मध्ये हजारो कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार केले. सहा वर्षे चिकाटी धरली. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघटनेने साप्ताहिक सुटी मान्य केली. लोखंड्यांनी कायदा वाचला होता. १८८१ च्या पहिल्या फॅक्टरी ॲक्टात काय आहे आणि त्यातून काय निसटले आहे, हे त्यांना मालकांइतकेच ठाऊक होते.

'आमची संस्था लहान, आमच्याकडे चारच माणसे; हे कायदे मोठ्यांसाठी' असा एक बचाव असतो. तो अर्धाच खरा आहे. नवी सुरक्षा संहिता सामान्यतः दहा कामगारांपासून सुरू होते, आणि स्वतःच्या राहण्यासाठी बांधलेले पन्नास लाखांपर्यंतचे घर तिच्या बांधकामविषयक व्याख्येतून वगळलेले आहे, हे मान्य. परंतु चौदा वर्षांखालील मुलीला 'शिकवू' म्हणून घरकामाला आणणे २०१६ च्या दुरुस्तीपासून सरसकट गुन्हा आहे. तेथे आकडा विचारला जात नाही. लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात दहांपेक्षा कमी माणसांच्या जागी आणि घरकामातही तक्रारीसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. आणि तिसरा कायदा सेप्टिक टाकीचा. त्याच्याविषयी जरा विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण ह्या बाबतीत आपले अज्ञान प्राणघातक आहे.

कर्जतच्या बंगल्यांना, आश्रमांना, साधनागृहांना बहुधा स्वतःची टाकी असते. ती भरली की राखणदाराला सांगितले जाते, 'दोन माणसे बघ.' वाडीवरून दोन माणसे येतात. झाकण उघडतात, थोडा वेळ थांबतात, एक जण दोर न बांधता उतरतो. आत हायड्रोजन सल्फाइड असतो. थोडा असताना कुजक्या अंड्यांचा वास येतो, फार झाला की नाकाची संवेदनाच मरते आणि वास येईनासा होतो. प्राणवायू आधीच नाहीसा झालेला असतो. उतरलेला दोन श्वासांत कोसळतो. वरचा त्याला काढायला उतरतो आणि तोही तेथेच राहतो. वृत्तपत्रांत अशा बातम्या बहुधा जोडीने मेलेल्यांच्या असतात, त्याचे कारण हे. २०१३ च्या कायद्याने योग्य साधनांविना माणसाला गटारात वा टाकीत उतरवणे प्रत्येक व्यक्तीला आणि संस्थेला निषिद्ध केले. पहिल्याच अपराधाला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गटारातील मृत्यूची भरपाई दहा लाखांवरून तीस लाख रुपयांवर नेली. एका धार्मिक संस्थेच्या प्रमुखांकडे आम्ही हा विषय काढला, तेव्हा उत्तर मिळाले, 'आजवर काही झाले नाही.' उत्तर देणारे सज्जन आहेत. टाकीतला वायू सज्जनपणा ओळखत नाही.

आमच्या जिल्ह्याला असल्या उत्तरांची किंमत माहीत आहे. ३ नोव्हेंबर २०२३ रोजी महाडच्या औद्योगिक वसाहतीत एका औषधनिर्मिती कारखान्यात स्फोट होऊन आग लागली आणि अकरा कामगार मेले. २६ मे २०१६ ला डोंबिवलीत बारा मेले होते; २३ मे २०२४ ला त्याच डोंबिवलीत पुन्हा स्फोट झाला आणि पुन्हा दहाहून अधिक मेले. भोपाळनंतर १९८७ मध्ये कायदा दुरुस्त करून धोकादायक कारखान्यातील कामगाराला आपण हाताळतो ते रसायन काय आहे हे जाणण्याचा, आणि धोका दिसताच तो बोलून दाखवण्याचा अधिकार दिला गेला. खोपोलीच्या कारखान्यांत जाणारी आपली तरुण मुले पॅरिशच्या युवक संघात येतात. त्यांना गिटार शिकवतो तसा हा अधिकारही कुणी शिकवला तर धर्मग्रामाचे काय बिघडेल?

'हे सारे वकिलांचे काम' असेही म्हटले जाते. मग जुन्या करारातल्या 'अनुवाद' ह्या पुस्तकाचा बाविसावा अध्याय कुणाचे काम मानायचे? नवे घर बांधलेस तर गच्चीला कठडा घाल, नाहीतर तेथून कुणी पडल्यास रक्ताचा दोष तुझ्या घरावर येईल, अशा आशयाची आज्ञा तेथे आहे. मनुष्य पडण्याच्या आधीचा हा धर्म आहे. पडल्यानंतर रुग्णालयात फुले घेऊन जाण्याचा नव्हे. कठड्याची उंची, दोराची जाडी, परांचीची फळी हे विषय पवित्र शास्त्राला क्षुद्र वाटले नाहीत. आपल्याला का वाटावेत?

म्हणून आमची मागणी मोठी नाही. प्रत्येक धर्मग्रामाने व संस्थेने एका जाणत्या प्रापंचिकाला ह्या एकाच कामावर नेमावे. आपल्यात निवृत्त कामगार अधिकारी, अभियंते, परिचारिका थोड्या नाहीत. त्याने वर्षातून दोनदा कायद्यात काय बदलले ते सभेपुढे साध्या मराठीत मांडावे. नेमणूकपत्रे ह्याच वर्षी लिहून द्यावीत, मराठीत, आणि ज्याला वाचता येत नाही त्याला वाचून दाखवावीत. ठेका देताना सुरक्षेचा खर्च निविदेत स्वतंत्र ओळीत मागावा आणि तो शून्य लिहिणाऱ्याला ठेका देऊ नये. मे महिन्यात छपरे शाकारायची वेळ येईल. सिमेंटचे पत्रे जुने झाले की पायाखाली काचेसारखे फुटतात, तेव्हा आडव्या फळ्या टाकल्याशिवाय आणि दोर पक्क्या जागी बांधल्याशिवाय कुणालाही वर चढू देऊ नये, तो स्वतः हसून 'काही होत नाही, फादर' म्हणाला तरी. टाकी भरली तर माणसे बोलावू नयेत. नगर परिषदेकडे किंवा खासगीत, मैला यंत्राने उपसणारी गाडी मागावी. गाडीला आठ दिवस लागले तर आठ दिवस संडासाला कुलूप लावून शेजाऱ्याकडे जावे.